दाह, सूज की शोथ?

रामबागची मावशी: भाचीच्या मुलाला ऑटिझम आहे, पाच वर्षांचा आहे. तिला कुणीतरी हिंदी लेख पाठवला, ‘ऑटिझम में दिमाग की सूजन’. रात्रभर झोपली नाही पोरगी. “ताप नाही, उलटी नाही, मग डोक्यात सूज कुठून?” या ‘सूजन’ला, म्हणजे इंग्रजीतल्या इन्फ्लमेशनला, मराठीत नेमकं काय म्हणायचं?

सराफ्यातला: आपल्या इंदुरात सगळंच सूजन हो. पाय मुरगळला की सूजन, दाढ दुखली की सूजन. शोथ फक्त शाळेच्या हिंदी पुस्तकात भेटला, यकृतशोथ वगैरे.

जुन्या इंदूरचे वैद्य: दाह म्हणजे आग, शोथ म्हणजे फुगणं, दोन्ही एक नव्हेत. चरकाच्या चिकित्सास्थानातला बारावा अध्याय श्वयथूचा, म्हणजे सुजेचाच. प्राचीन रोममधल्या वैद्यकलेखक सेल्ससने इन्फ्लमेशनची चार लक्षणं सांगितली: लाली, सूज, उष्णता, वेदना. आपला एकही शब्द चारही पोटात घेत नाही, म्हणून मराठी विश्वकोशात ‘दाहयुक्त सूज’ अशी मोट बांधलेली दिसते.

पॅथॉलॉजीवाली: वैद्यबुवा, इथे त्या चारांतलं काहीच डोळ्यांना दिसत नाही, गोम तिथेच आहे. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या प्रतिकार पेशी असतात. एरवी त्या फांद्या पसरून आजूबाजूला चाचपत असतात. उत्तेजित झाल्या की आकार बदलतात, सायटोकाइन नावाचे रासायनिक निरोप सोडतात. 2005 साली जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने ऑटिझम असलेल्या 11 जणांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूचे नमुने तपासले, त्यांत हे आढळलं. पण हे ऑटिझमचं कारण की परिणाम, ते त्यावरून ठरत नाही. ‘मेंदूला सूज’ म्हटलं की लोकांना मेंदूज्वर आठवतो. तो आजारच वेगळा.

सराफ्यातला: मग ‘चेतलेल्या पेशी’ म्हणा ना. आजी चूल चेतवायची, निखारा चेतायचा. ज्वाळा नाही, धग आहे. मस्त बसतंय!

वैद्य: शब्द गोड आहे, पण मराठीत न्यूरॉनला चेतापेशी म्हणतात. आणि ताईंच्या मायक्रोग्लिया तर चेतापेशी नव्हेतच. वाचणारा गोंधळेल.

पॅथॉलॉजीवाली: खरंय, गोंधळ होईलच. शास्त्रीय लेखात मी ‘मेंदूतील दाह’ लिहीन, पण पहिल्याच ओळीत खुलासा करून. घरी सांगताना ‘पहारेकरी जागे झालेत’. सूज मात्र नको, बाई.

सराफ्यातला: वा, पहारेकरी! आम्हाला कळला, म्हणजे सगळ्यांना कळेल.

रामबागची मावशी: सांगितलं भाचीला. ऐकलं, मग विचारते, “या पहारेकऱ्यांना झोपवायचं औषध असतं का?”

पॅथॉलॉजीवाली: तिला सांगा, ऑटिझमसाठी असं सिद्ध झालेलं औषध नाही. कुणी विकायला आलं तर सरळ परत पाठवा. आणि मुळात झोपवायचं कशाला? वाढत्या मेंदूतल्या चेतापेशींचे नको असलेले जोड छाटायचं कामही त्याच करतात.

सराफ्यातला: म्हणजे पहारेकरी आणि माळी एकच! आता याला शब्द सुचवा, वैद्यबुवा.