एल्क असो की हरीण, ठासणीच्या बंदुकीत फुल बोअरच घाला, सॅबो कशाला?

डोंगरवाट
कोलोरॅडोत एल्कचा (सांबरासारखं मोठं हरीण) मझललोडर, म्हणजे ठासणीच्या बंदुकीचा, शिकारीचा सीझन सप्टेंबरात असतो. नर माजावर आलेले असतात, नीट आवाज काढून बोलावलं तर चाळीस यार्डांवर येऊन उभे राहतात. या सीझनला सॅबो चालत नाही, दुर्बीण चालत नाही, पेलेटवाली, म्हणजे वड्या केलेली दारू चालत नाही, सुटी मोजून ओतायची. आयडाहोतही मझललोडरच्या खास हंटला सॅबो बंद. इतकी वर्षं लोक रडतायत की नियम जुनाट आहे, मला विचाराल तर उत्तम आहे. फुल बोअर म्हणजे नळीच्याच मापाची गोळी. पॉइंट फिफ्टीच्या (अर्ध्या इंचाच्या) नळीत पॉइंट फिफ्टीचीच गोळी हवी. सॅबो म्हणजे काय, तर पॉइंट फोर्टीफाइव्हची पिस्तुलाची गोळी प्लास्टिकच्या टोपणात बसवायची आणि पिस्तुलाच्या जवळपास दुप्पट वेगानं सोडायची. मग जवळून बरगडीवर लागली की ती बाहेरच्या बाहेर फुलते आणि आत जातच नाही. माझी शिशाची ३८५ ग्रेन वजनाची कोनिकल, म्हणजे टोकदार लांबट गोळी, आरपार जाते, दोन भोकं पडतात, रक्ताचा माग आंधळ्यालाही दिसेल. एकच लोड ठेवा, तोच सगळीकडे वापरा.

ओहायोचा_बंड्या
साहेब, कायदा आणि बॅलिस्टिक्स यात गल्लत होतेय. कोलोरॅडोत बंदी आहे म्हणून सॅबो वाईट कसा झाला? तिथे दुर्बीणही बंद आहे, मग दुर्बीण पण वाईट का? आमच्याकडे जानेवारीत मझललोडर सीझन असतो, मक्याची कापणी झालेली शेतं, हरीण दीडशे यार्डांवर बांधावरून चालतंय आणि त्याहून जवळ यायला तयार नाही. २५० ग्रेनची सॅबोवाली गोळी शंभर ग्रेन दारूवर साधारण १८०० फूट सेकंदाला जाते, शंभर यार्डांना झीरो केली, म्हणजे नेम तिथे बरोबर जुळवला, तर दीडशेला पाच-सहा इंच खाली. तुमची ३८५ वाली १४०० च्या आसपास, ती नऊ-दहा इंच खाली. वर वारा असला की अजून गोंधळ. आणि खांद्याचं काय, तो धक्का खाऊन बायको-पोरांना कोण शिकवणार? पिस्तुलाच्या गोळीचं म्हणाल तर सॅबोसाठी वेगळ्या बनवलेल्या तांब्याच्या गोळ्या कधीच्या मिळतात, त्या फुटत नाहीत, पाकळ्या उघडून सरळ आत जातात.

डोंगरवाट
दीडशे यार्डांवर मारायचंय तर साधी रायफल घ्या की राव. मझललोडरचा वेगळा सीझन दिलाय तो कशाला, जवळ जायला. आणि थंडीत दुसरा बार भरून बघा. ट्रिपल सेव्हन दारू जाळली की नळीत खाली काजळीचा कडक कडा बसतो, त्यावर सॅबो ठासताना ठासायचा गज वाकायची वेळ येते, हातमोज्यातला तळहात लाल होतो आणि जखमी जनावर तोवर टेकडीपार.

ओहायोचा_बंड्या
घट्ट जातो कारण चुकीचा सॅबो घेतलाय. कडेला उभ्या रेघा असलेले सॅबो मिळतात, ते दोन बोटांच्या जोरावर खाली जातात. दारू बदला, ब्लॅकहॉर्नला तो कडा बसत नाही, मधे पुसायची पण फारशी गरज नाही. आणि वापरलेले सॅबो उचलून बघायची सवय लावा, वीस-तीस यार्डांवर पडलेले सापडतात. पाकळ्या सगळ्या सारख्या उघडल्यात आणि बूड शाबूत आहे तर लोड बरोबर. एक पाकळी तुटलीय किंवा बूड जळून भोक पडलंय तर गोळी कुठे जाईल ते देवाला माहीत, मग दारू कमी करा नाहीतर मधे फेल्टचा वॅड, म्हणजे नमद्याची चकती, टाका. हे न करता लोक सॅबोला शिव्या देतात.

सिंधुदुर्गकर
आमच्याकडे शिकार १९७२ पासून बंद, तेव्हा मी फक्त तोंड घालतोय. पण गावात पीक संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक घरात असायची, त्यामुळे गज, केप, बार भरणं लहानपणापासून बघितलंय. फुल बोअर गोळी ठासायला जड जाते हा वाद तर १८४९ सालीच मिटलाय ना? मिनिएची गोळी नळीपेक्षा किंचित बारीक, मागून पोकळ. सहज खाली जायची आणि बार उडाला की बूड फुगून नळीतल्या आट्यांना, म्हणजे आतल्या पिळदार खाचांना, धरायची. १८५७ ला ज्यावरून रान पेटलं ती एनफिल्डची काडतुसं त्याच जातीच्या गोळीची, दातांनी फोडायचा तो चरबीचा कागद फक्त आता गेलाय. प्लास्टिकची गरज मलाही कळली नाही.

डोंगरवाट
+१००. आणि शीस मऊ असतं म्हणूनच हे चालतं.

सॅनहोजेची_काकू
शीस मऊ असतं, आणि त्याचे बारीक कण मटणात पसरतात तेही सांगा ना. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून बंदुकीनं कुठलीही शिकार करताना शिशाची गोळी चालतच नाही. कॉन्डोर गिधाडं शीस खाऊन मरत होती म्हणून हे सुरू झालं. तांबं कडक, ते आट्यांत शिशासारखं दबत नाही, म्हणून मधे प्लास्टिक लागतं, इतकं सोपं आहे. तुमची एक गोळी सगळीकडे चालणार कशी हो भाऊ? इथे तुमचा डबा घेऊन आलात तर दंड भराल.

डोंगरवाट
काकू, तांब्याची फुल बोअर पण मिळते, मागे पोकळ बूड असलेली. फक्त तुमच्या नळीचं माप अचूक घ्यावं लागतं, एका मापाची सगळ्यांना होत नाही. महाग आहे हे कबूल.

ओहायोचा_बंड्या
म्हणजे मापाचं झंझट, पैसे जास्त, धक्का जास्त, खाली पडणं जास्त. आणि मला एक सांगा, ट्री स्टँडवर, म्हणजे झाडावरच्या मचाणावर, तासन्‌तास नळी खाली करून बसल्यावर तुमची सैल कोनिकल घसरत नाही का? दारू आणि गोळीत फट राहिली तर नळी फुगू शकते, फुटू पण शकते. सॅबो जिथे ठासला तिथेच बसतो.

डोंगरवाट
घसरू शकते, म्हणून तर गजावर खूण करायची. ठासल्यावर नळीच्या तोंडाशी रेघ ओढा, आणि डोंगर उतरलात की गज घालून रेघ परत जुळवून बघा. सैल वाटली तर फेल्टचा वॅड, नाहीतर एक माप जाड गोळी. आणि नळी वर धरून चाला, खाली का धरता मुळात?

ओहायोचा_बंड्या
कारण मी वीस फुटांवर झाडात बसलोय हो, खाली हरीण आहे!