रस्त्याच्या ‘हरकती-सूचना’ मागवल्यात, लिहून खरंच काही फरक पडतो का?

पायपीट_पुणे
मंडळी, सल्ला हवाय. आमच्या भागातला एक रस्ता “सुधारणार” आहेत (नाव मुद्दाम लिहीत नाहीये, निम्मी सोसायटी इथे असते). पेपरात आतल्या पानावर बोटभर जाहिरात आली होती, एक महिन्यात हरकती-सूचना द्या म्हणून. बाबा शब्दकोडं सोडवत होते त्याच्या शेजारी छापलेली, म्हणून दिसली तरी, तोवर अकरा दिवस गेलेले. ऑफिसात जाऊन नकाशा बघितला तर गाड्यांना एक लेन जास्त, एका बाजूचा फुटपाथ जेमतेम मीटरभर उरणार आणि बसस्टॉप चौकापासून बराच पुढे सरकणार.

मग महापालिकेने मीटिंग लावली ती मंगळवारी सकाळी ११ ला. मी रजा टाकून गेले. वीस-पंचवीस माणसं, बहुतेक रिटायर्ड काका, आमचे चेअरमन, एक-दोन दुकानदार. बायका मी धरून तीन. अर्धा तास पार्किंग, मग झाडाचा पाला कुणी उचलायचा, मग परत पार्किंग. मी बसस्टॉपचं बोलायला उठले तर एक काका म्हणाले, तुमच्याकडे गाडी आहे ना, मग तुम्हाला काय त्याचं. यावर काय बोलायचं ते मला रात्री साडेदहाला सुचलं, नेहमीसारखं.

आता दोन आठवडे आहेत हातात. पत्र द्यावं का? दिलं तर कसं लिहू की कुणीतरी वाचेल?

फाईलवाला
द्या. मीटिंगमध्ये बोललेलं कुठेच राहत नाही, इतिवृत्तात “नागरिकांशी चर्चा करण्यात आली” एवढीच ओळ येते, म्हणजे तुम्ही गेलात ते त्यांच्याच कामी आलं. कागद दिला की त्याला आवक नंबर पडतो.

आधी एक बघा, ती नोटीस कुठल्या कलमाखाली आहे. रस्त्याची रेषा बदलणार असतील तर महानगरपालिका अधिनियमाचं कलम २१०, विकास आराखड्यातच फेरबदल असेल तर १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम ३७. या दोन्हीत हरकती मागवणं कायद्यानेच बंधनकारक आहे, त्यामुळे तिथे जोर धरता येतो. पण आहे त्या रुंदीतच नुसतं डिझाईन बदलत असतील तर बहुतेक वेळा मीटिंग हा त्यांचा मोठेपणा असतो, तिथे भाषा वेगळी ठेवावी लागते.

पत्र दीड पानाच्या वर नको. पर्यावरण, भावी पिढ्या, पूर्वीचं सायकलींचं पुणे वगैरे अजिबात नको, असली पत्रं मी पण लिहिलीत तरुणपणी. एका परिच्छेदात एकच जागा घ्या, अमुक दुकानापासून तमुक गेटपर्यंत, तिथे आत्ता काय आहे, नकाशात काय आहे, तुम्हाला काय हवंय. फुटपाथसाठी आयआरसी १०३ चा (इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांची मार्गदर्शक तत्त्वं) हवाला द्या, त्यात चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर सांगितलीय. मोकळी म्हणजे विजेचा डीपी बॉक्स, खांब, झाडाचं आळं सोडून. “मीटरभर फुटपाथ गैरसोयीचा आहे” यावर त्यांना काही करावं लागत नाही, पण “१.८ च्या खाली का नेताय” म्हटलं की कुणाला तरी लेखी कारण द्यावं लागतं.

आणि महापालिकेत जाऊन या रस्त्याची फाईल बघायला मागा, त्यातला ट्रॅफिक सर्व्हे बघा. त्यात गाड्या मोजलेल्या असतील, माणसं मोजलीत का तेवढं बघून या.

मिसळपाव्ह
सगळं आधीच ठरलेलं असतं हो. डिसेंबर २००६ ला देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बसची वेगळी लेन, आपल्याकडे झाली, सातारा रोडला स्टॉप रस्त्याच्या मधोमध, आणि तिथवर जायला म्हातारी माणसं कशी पळायची ते आठवतंय. तेव्हा कुणी विचारलं होतं? नगर रोडची काढून टाकली तेव्हा बसवाल्यांना विचारलं? करताना नाही, मोडताना पण नाही.

खिडकीतली_सीट
मिसळपाव्ह, विचारलं नाही हे बरोबर, पण मोडताना आपण बसवाले होतो कुठे? आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रडत होतो.

पायपीट ताई, तुमच्या मीटिंगला कोण आलं त्यापेक्षा कोण नव्हतं ते बघा. ११ ला तुमच्या सोसायटीत काम करणाऱ्या मावशी तिसऱ्या घरची भांडी घासत असतात. सात-सव्वासातच्या बसने उतरतात आणि दीड-दोनला परत त्याच स्टॉपवर. रिक्षावाले, भाजीच्या गाडीवाले, क्लासची पोरं, वॉचमन, यातलं कुणी होतं का? रस्ता सगळ्यात जास्त वापरणारी हीच माणसं आणि त्यांच्यासाठी ११ ची वेळ म्हणजे येऊ नका म्हणण्यासारखंच आहे.

आमच्याकडे स्टॉप हलवणार होते तेव्हा आम्ही तिघी-चौघी सकाळी साडेसहा ते साडेनऊ वही घेऊन उभ्या राहिलो. बसमधून उतरणारे किती, त्यात बायका किती, रस्ता ओलांडून कुठे जातात, एवढंच, रेघा मारून. तीन दिवस. दुसऱ्या दिवशी नकाशाची झेरॉक्स मोठी करून स्टॉपच्या खांबाला सेलोटेपने चिकटवली आणि स्केचपेन बांधून ठेवलं. नकाशा कुणाला कळणार असं मला वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण एका मावशींनी बघितलं आणि म्हणाल्या, इथं नेला तर मला मुख्य रस्ता दोनदा ओलांडावा लागेल, आणि तिथला दिवा पण बंद असतो, संध्याकाळी पोरगी एकटी येते. दिव्याचं आमच्या कुणाच्या डोक्यातही नव्हतं! आम्ही तिथून कधी पायी गेलोच नव्हतो ना.

मोजणी आणि त्या झेरॉक्सचा फोटो पत्राला जोडला. स्टॉप होता तिथेच राहिला. फुटपाथ मात्र कापलाच.

चाकावरून
वरच्या चर्चेत एक भर. मी व्हीलचेअर वापरतो. मला पण एकदा बोलावलं होतं “दिव्यांग प्रतिनिधी” म्हणून, नकाशा छापून झाल्यावर. चहा दिला, फोटो काढला. काम झाल्यावर गेलो तर मोटारसायकली चढू नयेत म्हणून फुटपाथच्या तोंडाशी खांब ठोकलेले, इतके जवळ की माझी खुर्ची आत जाईना. मोटारसायकली शेजारच्या दुकानाच्या उतारावरून आरामात चढत होत्या.

त्यामुळे पत्रात “दिव्यांगांसाठी सुविधा असाव्यात” असं लिहू नका, मग अंधांसाठीची एक पिवळी टाईल लावतात, ती पण झाडाला जाऊन धडकते. फुटपाथची उंची १५० मिमीच्या वर नको, उतार १ ला १२ (एक फूट चढायला बारा फूट लांबी), खांबांमधून व्हीलचेअर जाईल एवढी जागा, असं आकड्यात लिहा. जमलं तर काम सुरू होण्याआधी इंजिनिअरसोबत जागेवर चक्कर मारायची मागणी करा आणि तेव्हा व्हीलचेअरवालं कुणीतरी आणि बाबागाडीवालं कुणीतरी बरोबर न्या. ऑफिसात बसून समजावलेलं मी तरी यशस्वी झालेलं बघितलेलं नाही.

दुकान_तिसरी_पिढी
मीटिंगमधल्या दुकानदारांची बाजू पण ऐका, आम्ही काय फुटपाथचे वैरी नाही. लक्ष्मी रोडला २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात, गाड्या बंद म्हटल्यावर आमचे लोक पहिल्या वर्षी वैतागलेच होते. माझ्याकडे येणारं निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक चालत किंवा बसने येतं हे मला गल्ल्यावर बसून दिसतं. पार्किंगचं आम्ही ओरडतो कारण मीटिंगमध्ये तेवढंच विचारतात, पार्किंग पाहिजे का नको. मला खरं काय पाहिजे, तर सकाळी टेम्पो वीस मिनिटं उभा करून माल उतरवायला जागा. ती नसली की टेम्पो फुटपाथवर चढतो नाहीतर बसस्टॉपवर उभा राहतो. ताई, हे तुमच्या पत्रात घालत असाल तर मी आणि शेजारचे चार जण सही देतो, अर्थात आमचा रस्ता एकच असेल तर 😄

फाईलवाला
हे भारी आहे, हे नक्की घाला. दुकानदार आणि बसवाले एकाच पत्रावर, असा कागद टेबलावर आला की साहेब दोनदा वाचतात.

अजून एक राहिलं. दिवा, उतार, दोन बाक असली किरकोळ कामं नागरिकांच्या सहभागातून होणाऱ्या अंदाजपत्रकात टाका. २००६-०७ पासून चालू आहे, एका कामाला ५ लाखांपर्यंत सुचवता येतं, क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म मिळतो. मुदत दरवर्षी साधारण पावसाळ्यात असते आणि ती पण शब्दकोड्याशेजारीच छापतात.

मिसळपाव्ह
ठीक आहे, माझा पण एक अर्ज. मोजायला माणूस कमी पडत असेल तर सांगा, सकाळी सहाला उठतोच, नुसताच पेपर वाचत बसतो.

पायपीट_पुणे
अपडेट देते. तीन दिवस मोजलं, मिसळपाव्ह काका खरंच आले आणि रेघा मारण्यात सगळ्यात काटेकोर तेच निघाले. दुकानवाले दादा आमच्याच रस्त्यावरचे निघाले, आता यावर काय बोलायचं. सर्व्हेत माणसं मोजलेलीच नव्हती, फक्त वाहनं, हे पत्रात पहिल्याच ओळीत घातलं. नकाशाच्या झेरॉक्सवर मावशींनी स्टॉप कुठे हवा तिथे टिकली चिकटवलीय, ती तशीच जोडली. पुढची मीटिंग संध्याकाळी साडेसातनंतर, स्टॉपजवळच्या शाळेत घ्या, अशी शेवटची मागणी. सह्या एकशे चौदा, त्यात त्या “तुमच्याकडे गाडी आहे ना” काकांची पण आहे, त्यांच्या बायकोने करायला लावली.

पोच मिळाली. शिक्का उलटा मारलाय पण तारीख वाचता येतेय.