गोल्फ कोर्सला लागून प्लॉट: हिरवळीचे जास्त पैसे का मोजायचे?

वर्धारोडकर: नागपूर शहराबाहेर गोल्फ कोर्सला लागून असलेल्या लेआऊटमध्ये माझ्या मोठ्या भावाला प्लॉट घ्यायचाय. तेवढाच प्लॉट दोन रस्ते आत बराच स्वस्त मिळतो. माझ्या मते वरचे पैसे पाण्यात. क्लबची मेंबरशिप प्लॉटसोबत येत नाही, म्हणजे कुंपणाबाहेरून लोकांचा खेळ पाहत बसा! शिवाय मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर. १८ होलचं मैदान हिरवं ठेवायला रोज लाखो लिटर पाणी लागतं. बोअरवेल त्यांचीही तिथलीच अन् आपलीही. टँकर कोणाच्या दारी येणार?

संत्रानगरी: बेसा-पिपळ्याकडे कुठे गोल्फ आहे भाऊ? तिथे टँकर दिसत नाहीत का? मी अशाच वस्तीत राहते. समोर बिल्डिंग उभी राहत नाही, पहाटे मोर ओरडतात आणि उन्हाळ्यातही सूर्य बुडाला की गच्चीवर बसता येतं. सिमेंट रोडच्या कडेला राहणाऱ्यांना विचारा, रात्री दहालाही गच्ची कशी भाजते. पाण्याचं म्हणाल तर भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला चालतं, मग गवताला का नाही चालणार?

नेम_चुकला: चालेल ना, पण शहराबाहेर ती पाइपलाइन कुठे आहे? आणि ताई, मोर दिसले, चेंडू नाही दिसले? ४६ ग्रॅमचा टणक चेंडू, हौशी माणसानेही ड्रायव्हरने, म्हणजे लांब फटक्याच्या काठीने, मारला तर ताशी २०० किलोमीटरच्या आसपास सुटतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्याचा फटका बहुतेक वेळा उजवीकडेच वळतो, म्हणजे त्या बाजूच्या घरांचं नशीब. आमच्या शेजाऱ्यांच्या कूलरचा पत्रा मागून आत गेलाय, खसच्या ताटीत चेंडू रुतून बसला होता. क्लब म्हणतो खेळाडू भरेल, खेळाडू म्हणतो मी मारलाच नाही. उंच जाळी लावा म्हटलं तर ज्या व्ह्यूचे पैसे मोजले तोच जातो.

संत्रानगरी: म्हणून प्लॉट टीच्या, म्हणजे पहिला फटका मारतात त्या जागेच्या, मागे घ्यायचा. तिथून चेंडू सुटतो तो पुढेच जातो.

खामल्याचे काका: मोर आणि चेंडू राहू द्या बाजूला. मंजूर नकाशा पाहिला का कोणी? ब्रोशरमध्ये हिरवा रंग फासायला काय लागतं! एनएमआरडीएने (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) मंजूर केलेल्या नकाशात ती जमीन मोकळी जागा किंवा मैदान म्हणून दाखवली आहे, की कोणाची तरी साधी खासगी जमीन आहे? खासगी असेल आणि उद्या गोल्फ परवडेनासं झालं, तर तिथेच फेज टू पडेल. सातबारा काढा, मग दराचं बोला.

वर्धारोडकर: काका, एजंट म्हणतो नकाशा टोकन दिल्यावर दाखवू.

खामल्याचे काका: मग टोकन देऊच नका.

संत्रानगरी: नकाशा मागा, शंभर टक्के मागा. पण पाण्यावरून गोल्फला शिव्या कशाला? तुमच्या भावाच्या घरी दोन कूलर काय कोरडे चालणार आहेत?