अनुभव धागा: बेताच्या पैशातला तुमचा कॅमेरा कोणता? इंदूरकरांनो, लिहा

रामबागवाली
भाचीचा फोन आला, "मावशी, तुझा तो जुना डिजिटल कॅमेरा आहे का गं? आता त्याचीच फॅशन आहे." आहे की! कॅनन पॉवरशॉट ए५३०, माळ्यावरच्या डब्यात. सेल घातले आणि सुरू झाला.

तो घेतानाचं सगळं आठवलं. जेल रोडवरचा दुकानदार सात मेगापिक्सेलवाल्याचं गुणगान करत होता. बाबा नक्शानवीस, त्यांनी खिशातून पेन काढलं आणि त्याच्याच बिलबुकाच्या मागे हिशेब मांडला. चार बाय सहाचा फोटो, इंचाला ३०० ठिपके, म्हणजे १२०० गुणिले १८००. साडेएकवीस लाख ठिपक्यांच्या आसपास, आणि मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. "दोन मेगापिक्सेल पुरतात की हो! या ए५३० मध्ये पाच आहेत, त्यात अल्बम होईल, मोठा फोटोही होईल. उरलेल्या पैशात कार्ड द्या." ए५३० ला चारपट ऑप्टिकल झूम (लेन्स सरकून होणारा), डोळा लावायची खिडकी, आणि दोन पेन्सिल सेलवर चालणारा. मांडूला सेल संपले तर चहाच्या टपरीवर मिळाले.

तुम्ही काय बघून घेतलात? किंमत, झूम, की शेजाऱ्यांचा बघून?

पोहे_विदाउट_जिरावन
शेजाऱ्यांचा बघून 😂 वेगळ्या कंपनीचा होता. सेलच्या झाकणाची खिट्टी गेली, मग रबरबँड लावूनच दोन लग्नं उरकली.

छप्पनची_सून
कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते. तोवर एवढंच, डिजिटल झूम म्हणजे निव्वळ फसवणूक आहे.

जुना_टांगा
सून बरोबर बोलून राहिली. डिजिटल झूम म्हणजे मधला तुकडा कापून ताणायचा, तो घरी कॉम्प्युटरवरही कापता येतो. खोक्यावर ऑप्टिकलचा आकडा बघा फक्त.

आणि ताई, टपरीवरचे साधे सेल या कॅमेऱ्यांत टिकत नाहीत. फ्लॅश आणि लेन्सची मोटर एकदम जास्त करंट ओढते, साध्या सेलचा दम जातो. चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे घ्या. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं ते बघून घाबरू नका, ओझ्याखाली तेच टिकतात.

झांकीवाला
लग्नाच्या ऑर्डर घेतो, म्हणून जरा लांबण लावतो. मेगापिक्सेल सोडा, आत सेन्सर (उजेड टिपणारी चकती) केवढा ते विचारा. खिशातल्या कॅमेऱ्यांत बहुतेक १/२.३ इंची, म्हणजे जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. निकॉनच्या स्वस्त डीएसएलआरमध्ये (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) साधारण २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळ तेरापट भरतं! दिवसा लालबागेत दोन्हींत फार फरक कळणार नाही. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या (रोषणाईचे चित्ररथ) निघतात तेव्हा कळतो. लाइटिंग जळून पांढरं, माणसांचे चेहरे काळे, आणि अंधारात नुसती रवाळ रांगोळी.

पैसे कमी असतील तर बॉडी जुनी घ्या आणि लेन्स चांगली घ्या. कॅननला ५० मिमी एफ/१.८ लावा, एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. सोबत मिळणारी १८-५५ पूर्ण झूमवर एफ/५.६ होते. त्या मानाने ५० मधून जवळजवळ दहापट उजेड आत येतो.

स्कीम_चौपन्न
@झांकीवाला दादा, सेकंड हँड निकॉन डी३२०० बघून ठेवलाय. सोबत ५० ची जुनी 'डी' लेन्स देतोय. घेऊ का?

झांकीवाला
बॉडी घे, ती लेन्स नको. डी३२०० च्या आत फोकसची मोटर नाही, 'डी' लेन्सचा फोकस हाताने फिरवावा लागेल. एएफ-एस लिहिलेली बघ, ३५ एफ/१.८ मिळाली तर उत्तम. लेन्समध्ये मोबाइलचा टॉर्च मारून बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी. आणि शटर किती वेळा पडलंय ते फोटोच्या फाइलवरून काढता येतं, विकणाऱ्याला तिथेच एक फोटो काढायला लाव.

स्कीम_चौपन्न
तो म्हणतो "भिया, घर का पीस है" 😅

जुना_टांगा
घरचा पीस असेल तर बिल पण घरीच असेल, माग म्हणावं. नव्यातही बिलाशिवाय घेऊ नका. जीएसटी १८ टक्के आहे, २०१९ च्या आधी तर २८ होता. तो वाचवायला गेलात की वॉरंटी गेली.

सिरपूरची_बगळी
पक्ष्यांसाठी कोणी बोललंच नाही! सिरपूर तलावावर (२०२२ पासून रामसर या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत आहे बरं का) ५० मिमीने बगळा तांदळाच्या दाण्याएवढा येतो. मी निकॉन पी९०० घेतला, ८३ पट झूम, २००० मिमीपर्यंत. एवढ्या लांबीची लेन्स डीएसएलआरला घ्यायची तर घर गहाण टाकावं लागेल. सेन्सर लहानच आहे, त्यामुळे सूर्य कलला की बॅगेत. सकाळची माणसं असाल तर डोळे झाकून घ्या.

पोहे_विदाउट_जिरावन
डोळे झाकून कॅमेरा 😂😂

गेरमध्ये, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीत, कोणी नेलाय का?

छप्पनची_सून
आले. गेरमध्ये?? रंगपंचमीला तिथे टँकरने पाणी मारतात, गुलाल तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो. राजवाड्याजवळ कोणाची गॅलरी ओळखीची असेल तर वरून काढा. आमचे हे पिशवी बांधून खाली गेले, लेन्सच्या रिंगमधून अजून गुलाबी भुकटी निघते. आणि पोहे, जिरावन मसाल्याशिवाय खातोस? तुला इंदूरकर कोण म्हणेल.

जुना_टांगा
इंदूरकर म्हटल्यावर आठवलं, फोटोग्राफर राजा दीनदयाळ इथलेच. म्हणजे जन्म सरधन्याचा, पण नोकरी इंदूरच्या पीडब्ल्यूडीत. १८७४ च्या सुमारास कॅमेरा हातात घेतला, इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी पाठबळ दिलं, पुढे निजामाचे फोटोग्राफर झाले.

झांकीवाला
पीडब्ल्यूडीच्या पगारात फोटोसाठी काचेच्या प्लेटा! तेव्हा ईएमआयही नव्हता काका.

आडा_बाजार
विषय सोडून विचारते, माफ करा. बाबांनी साधा फुजीचा घेतला होता, त्यात एक्सडी कार्ड. कॅमेरा बिघडला, कार्ड आहे. आईबाबांचा पचमढीचा शेवटचा प्रवास त्यात आहे. दुकानात दाखवलं तर म्हणे असलं कार्ड बघितलंच नाही.

छप्पनची_सून
अगं बाई 😔

रामबागवाली
विषय सोडून कुठे, हाच तर विषय. एक्सडी ऑलिंपस आणि फुजी दोघंच वापरायचे, म्हणून नवीन पोरांना माहीत नाही. कार्ड फेकू नकोस आणि कोणी 'फॉरमॅट करू का' विचारलं तर नाही म्हण.

जुना_टांगा
माझ्याकडे ऑलिंपसच्या काळातला बहु-कार्ड रीडर आहे, एक्सडीचा खाचा आहे त्यात. पलासियाला राहतो. रविवारी सकाळी ये, आधी सगळं पेन ड्राइव्हवर उतरवू.

आडा_बाजार
खरंच काका? येते. पेन ड्राइव्ह घेऊन येते.

जुना_टांगा
दोन आण. आणि केबल शोधावी लागेल, मिनी यूएसबीची. कोणाकडे आहे का?

स्कीम_चौपन्न
माझ्याकडे आहे, जुन्या हार्ड डिस्कची. शनिवारी तुमच्याकडे टाकून जातो. तो डी३२०० पण घेऊन येऊ का, टॉर्च मारायला?