कार्बन पाइपलाइन अडवणारे अमेरिकी शेतकरी चूक की बरोबर?

ऊसकरी_अथणी: अमेरिकेत आयोवा, दक्षिण डकोटा भागातल्या इथेनॉल कारखान्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड नळाने उत्तर डकोटात न्यायचा आणि खोल जमिनीत गाडायचा, अशी 'समिट' कंपनीची मूळ योजना. शेतकरी आडवे पडले. मार्च २०२५मध्ये दक्षिण डकोटाने कायदाच केला की असल्या लाइनसाठी सक्तीने जमीन घेता येणार नाही. मला पटलं. तिकडं मका, इकडं ऊस; आपल्याही साखर कारखान्यांना इथेनॉलच्या डिस्टिलऱ्या लागल्यात. उद्या इकडं आलं तर? कंपनीनं दारात येऊन भाव करावा, नाही म्हटलं तर परत जावं.

खानापूरकर: असं जो तो अडवायला लागला तर एक नळ पुढं जायचा नाही की ओ. दाभोळ-बेंगळुरू गॅसलाइन आपल्याच बेळगाव जिल्ह्यातून गेलीय, वर पिकं घेतातच लोक. हिडकल धरणाचं पाणी बेळगाव शहराला आलं ते कुणाच्या तरी बांधावरूनच ना?

वडगावचा_शेतकरी: पीक येतं हो, पण त्या पट्ट्यात घर नाही, विहीर नाही, झाड नाही. १९६२च्या पेट्रोलियम पाइपलाइन कायद्याने वापरहक्काची भरपाई किती, तर बाजारभावाच्या १० टक्के. उतारा आपल्या नावावर, हुकूम दुसऱ्याचा. बेळगावच्या हलगा-मच्छे बायपास रस्त्याला पोलीस बंदोबस्तात उभ्या पिकात जेसीबी घातलेलं विसरलात काय? आणि पाण्याची लाइन फुटली तर चिखल होतो, माणूस गुदमरत नाही.

खानापूरकर: कार्बन डायऑक्साइड पेट घेत नाही दादा. सोडा बाटलीत तोच असतो. उगाच भीती.

पंप_मेकॅनिक: पेट घेत नाही, हीच अडचण आहे. हवेपेक्षा दीडपट जड, वास नाही, खोलगटात साचून राहतो. मिसिसिपीतल्या सॅटार्शियाजवळ २२ फेब्रुवारी २०२०ला अशी लाइन फुटली. जोरदार पावसाने माती सरकली आणि वेल्डिंगचा जोड तुटला. दोनशेच्या आसपास माणसं हलवावी लागली, ४५ जण दवाखान्यात. इंजिनला ऑक्सिजन मिळेना म्हणून गाड्या रस्त्यातच बंद पडल्या, पळायचं कशानं? आता आमचा जांबोटी-चोर्ला घाट बघा, पावसाळ्यात दरड नवी नाही. सपाटीवर एक वेळ ठीक, ओढ्याकाठच्या वस्तीजवळ मी तरी ही लाइन घालू देणार नाही.

खानापूरकर: बरं, मग लांब न्यायचाच कशाला? आपल्या पायाखाली बसाल्ट, म्हणजे काळा कातळ आहे. आइसलंडमध्ये पाण्यात विरघळवून बसाल्टात सोडला, तर दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून जास्त वायूचा दगड झाला. पाइपलाइनचा प्रश्नच मिटला.

वडगावचा_शेतकरी: एका टनाला साधारण २५ टन पाणी लागतं त्याला! म्हादईच्या कळसा-भांडुरा नाल्यांच्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोवा वर्षानुवर्षं भांडतायत, आणि तुम्ही ते धूर मुरवायला देणार?

खानापूरकर: धूर नाही तो. आणि हवामान बिघडून पाऊस कमी-जास्त झाला की पहिला फटका आपल्यालाच. सगळ्यालाच 'नको' म्हणून कसं चालेल?

ऊसकरी_अथणी: सगळ्याला कोण म्हणतंय? अमेरिकेत असा टनभर वायू गाडला की कंपनीला ८५ डॉलरपर्यंत करसवलत मिळते. ज्याच्या रानातून नळ गेला त्याला त्यातलं वर्षाला किती, तेवढं आधी कागदावर लिहा. एकरकमी हातावर टेकवून जन्माचा हक्क घेऊ नका. इथं गळिताला ऊस घालून बिलासाठी आम्ही महिनोन्‌महिने खेटे घालतो; तोंडी शब्दावर कोण विश्वास ठेवणार?

पंप_मेकॅनिक: आणि फुटली तर रात्री फोन कुणाला लावायचा, तेही त्याच कागदावर घाला.