मदत हवी आहे: अमेरिकेत सायकॉलॉजिस्टचं लायसन्स (तातडीचं)

मोगरा_ठाणे | सोमवार, रात्री ९:१०
नमस्कार. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, दहा वर्षांचा अनुभव आहे. इथे अमेरिकेत प्रॅक्टिस करायचं लायसन्स हवंय. परीक्षा कोणती, फी किती आणि साधारण किती दिवसांत मिळतं? दोन दिवस वेबसाइटी वाचतेय, प्रत्येक ठिकाणी वेगळंच लिहिलंय, डोकं भणभणलंय. आमच्या मंडळाच्या कार्यक्रमाचं पत्रक शुक्रवारी छापायला जातंय, त्याच्या आत मला निदान अर्ज कुठे करायचा एवढं तरी कळायला हवं. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच लिहा, प्लीज.

फ्रिस्कोकर | सोमवार, रात्री ९:३१
राज्य कुठलं? अमेरिकेचं असं एक लायसन्स नसतंच. प्रत्येक राज्याचं बोर्ड वेगळं, नियम वेगळे. म्हणूनच प्रत्येक ठिकाणी वेगळं लिहिलेलं दिसतंय. ते सांगितल्याशिवाय कुणीच काही सांगू शकणार नाही.

तिसरी_घंटा | सोमवार, रात्री ९:४४
माझ्या मावसबहिणीच्या मिस्टरांनी केलंय. आधी यूएसएमएलई या डॉक्टरांच्या परीक्षेची स्टेप १, मग स्टेप २, मग मॅचमधून रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण. सायकियाट्रीची रेसिडेन्सी चार वर्षांची. वयाचा फार विचार करू नका, ते ३८व्या वर्षी लागले.

मोगरा_ठाणे | सोमवार, रात्री ९:५८
@तिसरी_घंटा, मी डॉक्टर नाही. औषधं देत नाही. सायकॉलॉजिस्ट आहे, थेरपी आणि टेस्टिंग करते.
@फ्रिस्कोकर, सध्या न्यू जर्सी. एडिसन.

शमा_कॅलि | सोमवार, रात्री १०:२०
मोगरा, तुझं शिक्षण काय आहे ते लिहिलेलंच नाहीस. पीएच.डी. किंवा साय.डी. (सायकॉलॉजीतली डॉक्टरेट) आहे का? सगळं तिथेच अडतं. बहुतेक राज्यांत ‘सायकॉलॉजिस्ट’ व्हायला डॉक्टरेट लागते.

मी साय.डी. इथेच केलं. कॅलिफोर्नियात त्याशिवाय ३,००० तास देखरेखीखालचं काम लागतं, त्यातले निदान १,५०० पदवी मिळाल्यानंतरचे. मग ईपीपीपी, म्हणजे सायकॉलॉजिस्टच्या लायसन्सची परीक्षा: २२५ प्रश्न, सव्वाचार तास, पास व्हायला ५०० स्केल्ड स्कोअर, म्हणजे रूपांतरित गुण. त्यानंतर राज्याच्या कायद्याची आणि नीतिनियमांची वेगळी परीक्षा. ईपीपीपीची फी ६०० डॉलर, सेंटरचे पैसे वर.

सगळ्यात जास्त रडवलं ते तासांनी. आठवड्याच्या आठवड्याला लॉग भरायचा आणि सुपरव्हायजरची सही घ्यायची. माझे एक सुपरव्हायजर मध्येच नोकरी सोडून गेले आणि मागच्या काही महिन्यांच्या सह्या राहिल्या होत्या. मी ते तास पुन्हा केले. सही त्याच आठवड्यात घ्या, हे मी भेटेल त्याला सांगते.

मोगरा_ठाणे | सोमवार, रात्री १०:४१
मुंबई विद्यापीठाचं एम.ए. क्लिनिकल, त्यानंतर दोन वर्षांचं एम.फिल. क्लिनिकल सायकॉलॉजी. आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी क्रमांक आहे. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून माझी नोंदणी त्या एम.फिल.वरच झाली. वॉर्डात, ओपीडीत दोन वर्षं घासून काम केलंय, डिझर्टेशन केलंय. हे काही साधं एम.ए. नाही. त्याला इथे किंमत नाही असं म्हणायचंय का?

शमा_कॅलि | सोमवार, रात्री ११:०५
किंमत नाही असं मी म्हणत नाही. एम.फिल. केलेल्यांना मी ओळखते, रुग्ण समोर बसल्यावर इथल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पीएच.डी.वाल्यांपेक्षा त्यांचा हात जास्त चालतो. पण बोर्ड पदवीचं नाव आणि पातळी बघतं. एम.फिल. इथे डॉक्टरेट धरलं जात नाही. न्यू जर्सीत सायकॉलॉजिस्टसाठी डॉक्टरेट आणि ३,५०० तास लागतात, अर्धे पदवीआधीचे, अर्धे नंतरचे चालतात. तुझ्या कागदांवर तो अर्ज पुढे जाणार नाही. आज कळलेलं बरं.

रॅशनल_राजा | मंगळवार, सकाळी ७:१५
एवढ्या भानगडी कशाला? ‘वेलनेस कोच’ म्हणून सुरू करा. कोचिंगला लायसन्स लागत नाही. माझी मेहुणी झूमवर करते, आठवड्याला वीस क्लायंट आहेत. लोकांना मराठीत बोलणारं कुणीतरी हवं असतं, कागद कोण बघतं?

शमा_कॅलि | मंगळवार, सकाळी ८:०२
राजा, हा सल्ला देऊ नका. ती डिप्रेशन, ओसीडीवर काम करणारी क्लिनिकलची बाई आहे. कोच नाव लावून निदान आणि उपचार केले तर विनापरवाना प्रॅक्टिसच होते, पाटीवर काहीही लिहा. आणि एखादा क्लायंट जिवाचं बरंवाईट करण्याच्या गोष्टी बोलायला लागला तर तुमची मेहुणी काय करते?

रॅशनल_राजा | मंगळवार, सकाळी ८:१९
ती अशा केसेस घेत नाही.

शमा_कॅलि | मंगळवार, सकाळी ८:२३
पहिल्या भेटीत कुणी सांगत नाही.

नदीकाठ | मंगळवार, सकाळी ९:४०
न्यू जर्सीतच राहणार असाल तर सायकॉलॉजिस्टचा नाद सोडा आणि एलपीसी करा, म्हणजे प्रोफेशनल काउन्सेलर. मास्टर्सवर होतं. ६० क्रेडिट लागतात, काउन्सेलरची एनसीई परीक्षा द्यायची, आधी एलएसी म्हणजे असोसिएटचं लायसन्स घेऊन काम सुरू करायचं आणि ४,५०० तास पूर्ण करायचे. मास्टर्सनंतर आणखी ३० क्रेडिट केलीत तर त्यातले १,५०० तास कमी होऊ शकतात. मी हेच केलं. आज माझी स्वतःची प्रॅक्टिस आहे, विम्याचे क्लायंट घेते. कुणीही मला ‘सायकॉलॉजिस्ट का नाही’ म्हणून विचारत नाही.
एक अडचण सांगते. आपली क्रेडिट आणि त्यांची क्रेडिट एकास एक जुळत नाहीत. मला काही विषय इथल्या कॉलेजात नव्याने घ्यावे लागले.

आबा_नागपूर | मंगळवार, सकाळी १०:५५
ताई, परत या. इथे माणसं कमी आहेत. २०१७च्या मेंटल हेल्थकेअर कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्याच तुमच्या एम.फिल.-आरसीआयवर बेतलेली आहे. तिकडे जाऊन पुन्हा पहिलीत बसायचं कशासाठी? आणि आता यूजीसीने एम.फिल. बंद करायला घेतलं, क्लिनिकलला तेवढी मुदत वाढवून दिली. पुढची पोरं काय करणार? साय.डी. करायला जागा किती आहेत? विदर्भातल्या पोरीला रांची नाहीतर बंगलोर गाठावं लागते. याच्यावर कोणी बोलत नाही.

मोगरा_ठाणे | मंगळवार, सकाळी ११:३०
आबा, तुमचं म्हणणं पटतं, पण घर, नवरा, मुलाची शाळा सगळं इथे आहे. परत येणं हा आत्ता पर्याय नाही.
टेस्टिंगचं काय? एलपीसीला करता येतं का? मला ते सोडायचं नाहीये.

ओवी | मंगळवार, दुपारी १२:१०
इथे सायकॉलॉजिस्ट आहेत म्हणून विचारते. माझा मुलगा तिसरीत आहे, वाचताना फार अडखळतो, शिक्षिका म्हणतात तपासणी करा. बाहेर विचारलं तर तीन हजार डॉलर सांगितले. खरंच एवढे लागतात का? आम्हीही जर्सीतच आहोत.

नदीकाठ | मंगळवार, दुपारी १२:२६
ओवी, बाहेर जायच्या आधी शाळेला लेखी पत्र द्या. सरकारी शाळेला ही तपासणी फुकट करावी लागते, तसा केंद्राचा कायदा आहे. जर्सीत लेखी विनंती मिळाल्यापासून २० दिवसांत चाइल्ड स्टडी टीमची (शाळेच्या तज्ज्ञांच्या गटाची) बैठक घ्यावी लागते. तोंडी सांगू नका, तारीख घालून पत्र द्या आणि प्रत ठेवा.

ओवी | मंगळवार, दुपारी १२:३१
देवासारख्या भेटलात. आजच देते.

नदीकाठ | मंगळवार, दुपारी १२:५०
@मोगरा_ठाणे, काही चाचण्या चालतात, पण पूर्ण सायकॉलॉजिकल इव्हॅल्युएशन हा बहुतेक ठिकाणी सायकॉलॉजिस्टचाच प्रांत मानतात. टेस्टिंग सोडायचंच नसेल तर शाळांमधल्या सायकॉलॉजिस्टचा रस्ता बघा. त्याचं प्रमाणपत्र शिक्षण खातं देतं, डॉक्टरेट लागत नाही. त्यासाठी मात्र इथला कोर्स आणि १,२०० तासांची इंटर्नशिप करावी लागेल.

मोगरा_ठाणे | मंगळवार, दुपारी २:०५
इथला कोर्स आता कसा करणार? आम्ही जूनमध्ये टेक्सासला, डॅलसमध्ये शिफ्ट होतोय, ह्यांची नोकरी तिकडे लागली आहे.

फ्रिस्कोकर | मंगळवार, दुपारी २:१४
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! काल रात्रीपासून सगळे न्यू जर्सी सांगताहेत.

टेक्सासमध्ये मास्टर्सवर सायकॉलॉजीच्याच बोर्डाचं लायसन्स आहे: एलपीए, लायसन्स्ड सायकॉलॉजिकल असोसिएट. माझ्या बायकोकडे तेच आहे. सायकॉलॉजीतली ६० क्रेडिटची पदवी, देखरेखीखालचं प्रॅक्टिकम, तीच ईपीपीपी आणि टेक्सासच्या कायद्याची ज्युरिसप्रूडन्स परीक्षा. सुरुवातीला सायकॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली काम करायचं. ३,००० तास झाले की स्वतंत्र प्रॅक्टिससाठी अर्ज करता येतो. टेस्टिंग करता येतं, बायको रोज तेच करते.
अर्ज बिहेवियरल हेल्थ एक्झिक्युटिव्ह काउन्सिलकडे जातो. सायकॉलॉजी, काउन्सेलिंग, सोशल वर्क आणि फॅमिली थेरपी ही चारही बोर्डं आता त्याच छपराखाली आहेत.

नदीकाठ | मंगळवार, दुपारी २:४०
एलपीएपेक्षा टेक्सासमध्येही एलपीसी बरं. तिथेही ३,००० तासच आहेत. उद्या टेक्सास सोडलं तर एलपीएला विचारणार कोण? काउन्सेलरचं लायसन्स सगळ्या राज्यांत आहे.

फ्रिस्कोकर | मंगळवार, दुपारी २:५२
मास्टर्सवाल्यांना सायकॉलॉजीचं लायसन्स देणारी राज्यं आणखीही आहेत: वेस्ट व्हर्जिनिया, व्हरमाँट, कॅन्सस, केंटकी. आणि त्यांना टेस्टिंग हवंय म्हणून सांगितलंय ना? तुम्ही तुमचंच लायसन्स त्यांच्या गळ्यात घालताय.

नदीकाठ | मंगळवार, दुपारी ३:०१
मी गळ्यात घालत नाही. मी तीन वर्षांत तीन राज्यं बदललीत नवऱ्याच्या नोकरीपायी. प्रत्येक वेळी कागदांचा डोंगर. ते ज्याने केलंय त्यालाच कळतं. तिच्यावर ती वेळ येऊ नये एवढंच.

पाचवा_मैल | मंगळवार, दुपारी ३:३०
आता सायपॅक्ट हा राज्यांमधला करार आहे ना? एकदा लायसन्स मिळालं की चाळीसच्या वर राज्यांत ऑनलाइन प्रॅक्टिस करता येते. राज्याचा प्रश्न संपला.

शमा_कॅलि | मंगळवार, दुपारी ४:१२
सायपॅक्ट डॉक्टरेट असलेल्या सायकॉलॉजिस्टसाठीच आहे. एलपीएला नाही, एलपीसीलाही नाही. आणि कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क त्यात नाहीत. मी इतकं सगळं करूनही माझ्या न्यू यॉर्कला शिकायला गेलेल्या क्लायंटला इथून बघू शकत नाही.

मोगरा, एक विचारायचं राहून गेलं. मंडळाच्या पत्रकाचा आणि लायसन्सचा संबंध काय?

मोगरा_ठाणे | मंगळवार, सायंकाळी ५:४५
मंडळात दर रविवारी नव्याने आलेल्या बायकांचा गट घेणार आहे. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या, घरात बसलेल्या, मुलं लहान, बोलायला कुणी नाही अशा बऱ्याच जणी आहेत. पहिल्या वर्षी मीही तशीच होते. फुकट आहे, मंडळ फक्त जागा देतंय. पत्रकावर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ आणि माझं नाव आहे. खाली ‘लायसन्ससाठी अर्ज केला आहे’ असं लिहू शकले तर बरं, म्हणून शुक्रवारची घाई.

शमा_कॅलि | मंगळवार, सायंकाळी ६:०३
तो शब्द काढ. आजच फोन कर. ‘सायकॉलॉजिस्ट’ हे नावच कायद्याने राखलेलं आहे, पैसे घेतेस की नाही याने फरक पडत नाही. १९४५ साली कनेटिकटने पहिला कायदा केला आणि १९७७मध्ये मिसुरी आल्यावर सगळी राज्यं झाली, त्या सगळ्या खटाटोपाचा एक गाभा हाच की हे नाव कोण लावू शकतो. आणि ‘अर्ज केला आहे’ असं लिहिल्याने झाकलं जात नाही. उद्या टेक्सासच्या अर्जात ‘तुम्ही कधी विनापरवाना प्रॅक्टिस केली का’ असं विचारलं आणि हे पत्रक कुणी पुढे केलं तर?

गट घे. मनापासून सांगते, घेच. ‘मैत्रिणींचा गप्पागट’ म्हण, कुणाचं रोगनिदान करू नकोस, कुणाच्या नावाने नोंदी ठेवू नकोस. एखादीला जास्त त्रास दिसला तर ९८८ हा मानसिक संकटातल्या मदतीचा नंबर आणि जवळच्या लायसन्स असलेल्या थेरपिस्टची नावं हाताशी ठेव.

रॅशनल_राजा | मंगळवार, सायंकाळी ६:२०
हे मात्र पटलं. मेहुणीलाही हा धागा पाठवलाय.

फ्रिस्कोकर | मंगळवार, सायंकाळी ६:३५
तुम्ही स्वतःही एच-फोरवर का? ईएडी (कामाचा परवाना) आहे? लायसन्स मिळालं तरी कामाची परवानगी वेगळी लागते. मिस्टरांचं आय-१४० (ग्रीनकार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असेल तर ईएडीचा अर्ज करता येतो. आणि ठाण्याचे जुने क्लायंट ऑनलाइन बघत असाल तर तेही वकिलाला विचारा.

पाचवा_मैल | मंगळवार, सायंकाळी ६:४८
क्लायंट भारतात, पैसे भारतात. इथल्या बोर्डाचा काय संबंध?

शमा_कॅलि | मंगळवार, सायंकाळी ६:५५
तुम्ही बसलाय कुठे, हेही बघतात.

मोगरा_ठाणे | मंगळवार, रात्री ९:२०
मंडळाच्या सचिवांशी बोलले. पत्रकावरून तो शब्द काढला. नुसतं नाव आणि ‘मैत्रिणींचा गट’. फोन ठेवल्यावर थोडं रडू आलं, खोटं कशाला सांगू. दहा वर्षं ते नाव लावलंय.

आय-१४० मंजूर आहे, ईएडीचा अर्ज गेलाय. ठाण्याच्या चार जणी ऑनलाइन बघत होते, वकिलाशी बोलेपर्यंत थांबवते आणि तिथल्या मैत्रिणीकडे सोपवते.

टेक्सासचं एलपीए करून बघायचं ठरवलंय. @फ्रिस्कोकर, तुमच्या मिसेसशी बोलता येईल का? एम.फिल.चं प्रॅक्टिकम धरतात का, हे त्यांना माहीत असेल. माझ्याकडे सगळी लॉगबुकं आहेत, प्रत्येक केसवर सुपरव्हायजरची सही आहे.

फ्रिस्कोकर | मंगळवार, रात्री ९:३४
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. ती म्हणते, लॉगबुकांची पानं आजच स्कॅन करा आणि अभ्यासक्रमाची विद्यापीठाच्या शिक्क्याची प्रत मागवा, क्रेडिट मोजताना तीच लागते. ट्रान्स्क्रिप्ट सीलबंद पाकिटात विद्यापीठाकडून थेट जायला हवं. वेळ तिथेच जातो, जूनची वाट बघू नका.

तिसरी_घंटा | मंगळवार, रात्री १०:०२
मोगराताई, काल मी भलतंच उत्तर दिलं, सॉरी. मी सांताक्रूझला राहते, विद्यापीठाचं कलिना मला जवळच. परीक्षा भवनात गुरुवारी मुलीच्या कामासाठी जातेच आहे. तुमचं सही केलेलं अधिकारपत्र आणि मार्कशीटच्या प्रती उद्यापर्यंत मेल करा, ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज भरून येते. एम.ए.चा सीट नंबर आठवतोय का?

मोगरा_ठाणे | मंगळवार, रात्री १०:०९
मार्कशीटवर आहे, शोधते. थांबा.