मदत हवी आहे: नाना डबा तसाच परत आणतात, काय करू?

निफाडकरीण
पटकन सांगा कोणीतरी, परवा पहाटे गाडी निघतेय. आमचे नाना, म्हणजे वडील, ट्रक चालवतात, पिंपळगाव बसवंतहून कांदा भरून दिल्लीला जातात. आई चार वाजता उठून भाकरी, मेथीची सुकी भाजी, मोडाचे मूग सगळं बांधून देते आणि आठ दिवसांनी डबा जसाच्या तसा घरी येतो, उघडवत नाही अक्षरशः. समजावून झालं, भांडून झालं, आईनं अबोला धरून पण झाला, डॉक्टर ओरडले ते वेगळंच. डाएट चार्ट नकोत, ढीगभर आहेत. मला फक्त कळायचंय की हा माणूस असा का वागतो.

कडक_भाकरी
मेथीची भाजी आणि मूग बंद केबिनमध्ये टिकणार कसे ताई? दशम्या द्या, दुधात पीठ भिजवलेल्या, तीन-चार दिवस काही होत नाही. आमच्या सोलापूरकडची कडक भाकरी तर त्याहून कितीतरी जास्त टिकते, सोबत शेंगदाण्याची चटणी.

निफाडकरीण
टिकतं का ते विचारलंच नाही हो मी. पहिल्या दिवशीचा ताजा पण खात नाहीत, धुळ्याच्या आत जेवायची वेळ होते तरी.

केदार_व्ही
वय काय? डॉक्टर कशासाठी ओरडले? बीपी, शुगर, वजन? गोळ्या कुठल्या? काहीच न सांगता लोकांनी काय ओळखायचं?

निफाडकरीण
शुगरच, अजून काय असणार. ५४ वय. तीन महिन्यांची सरासरी ९.२ आली.

निसर्गमित्र६१
रात्री एक चमचा मेथीदाणे भिजत घाला, सकाळी अनशेपोटी चावून खायचे. माझी शुगर त्यावरच आहे. गोळ्या म्हणजे कंपन्यांचा धंदा.

केदार_व्ही
काका, तुम्ही दिवसभर घरी, ते स्टेअरिंगवर. आणि भाकरी म्हणजे औषध असल्यासारखं इथे बोलतात सगळे, ज्वारीच्या तीन भाकऱ्या खाल्ल्या तरी साखर वाढतेच.

कडक_भाकरी
मग काय मैद्याची रोटी खायची का? आमचे आजोबा भाकरीवर नव्वद वर्षं जगले.

केदार_व्ही
आजोबा नांगर धरत होते, क्लच नाही.

चौदाटायर
ताई, मी २२ वर्षं गाडीवर आहे, आता नाशकातच लोकल मारतो, म्हणून सांगतो. ढाब्यावर गाडी लावली की पाणी, आंघोळ, खाट, गाडीवर नजर, सगळं फुकट मिळतं, पण जेवण तिथलं घ्यायचं ही रीत आहे. तिथे बसून घरचा डबा उघडणारा माणूस कसा दिसतो? फुकट्या नाहीतर आजारी. आजारी दिसणं जास्त वाईट, कारण गोष्ट मालकापर्यंत पोचते आणि लांबची गाडी हातची जाते. दुसरं म्हणजे दिवसा पोटभर खाल्लं की डोळा लागतो, ही भीती बसलेली असते, म्हणून चहा-बिस्कीट-पुडीवर दिवस काढायचा आणि रात्री तुटून पडायचं. दिवसभरात आपल्या मर्जीची ती एकच गोष्ट असते, बाकी सगळं गाडी, घाट नि मालक सांगेल तसं. शेवभाजी आणि मलई मारलेला चहा ही भूक नाही ताई, तो पगार आहे.

हायवेवाला
कामगार कायद्यात ८ तासांचीच ड्युटी आहे. मालकाला दाखवा.

चौदाटायर
तुम्हीच चला की दाखवायला, मी गाडीत बसवून नेतो.

हायवेवाला
१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन पण सक्तीची आहे, त्यात डबा टिकेल.

चौदाटायर
नवीन गाड्यांना हो. आमच्या गाडीला काच खाली होते हाच एसी. आणि मालक म्हणणार डिझेल जास्त जातं.

औषधवाली
विषय भरकटतोय. निफाडकरीण, गोळीचं नाव सांगा आणि कधी घेतात तेही. मी मेडिकलमध्ये बसते, म्हणून काळजीनं विचारतेय.

निफाडकरीण
ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली. सकाळी निघताना चहासोबत घेतात. मग एकदम दुपारी दोन-तीनला काहीतरी खातात.

औषधवाली
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! ग्लिमेपिराइड घेऊन उपाशी राहिलं तर साखर धाडकन खाली येऊ शकते, घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, आणि हे धुळ्यापुढच्या बिजासन घाटात झालं तर? उद्याच डॉक्टरांना फोन करून त्यांचं खरं वेळापत्रक सांगा, गोळी बदलायची की वेळ ते तेच ठरवतील, तुम्ही मनानं बंद करू नका. खिशात ग्लुकोज पावडर किंवा साखर हवीच. असं वाटलं की गाडी बाजूला, तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटं थांबायचं.

निसर्गमित्र६१
म्हणूनच म्हणतो गोळ्या नकोत.

चौदाटायर
काका बसा जरा. ताई, डब्याचं असं करा, भाजीभाकरीचा डबा देऊच नका. भाजलेले फुटाणे, शेंगदाणे, एखादी दशमी, पुडीच्या जागी ठेवायचं, डॅशबोर्डवर, चालता चालता तोंडात टाकता येईल असं. त्याला कोणी डबा म्हणत नाही. रात्री ढाब्यावर जेवू द्या, फक्त तंदुरीऐवजी तवा रोटी, वर तूप नको, भात नको, कांदा-काकडी आधी मागवायची. चारचौघांत ते चालून जातं. चहाचं मात्र मला पण जमलं नाही, खोटं कशाला बोलू.

निफाडकरीण
आत्ता जेवताना सहज विचारलं, मालकाला शुगरचं माहितीय का म्हणून. ताट सारून उठले आणि बाहेर जाऊन गाडीचे टायर बघत बसले. आई माझ्यावरच चिडलीय.

चौदाटायर
मग आज अजिबात विषय काढू नका. फुटाण्याची पिशवी क्लीनर पोराच्या हातात द्या, नानांच्या नको. दर दोन तासांनी तो पुढे करेल.

निफाडकरीण
क्लीनर दिवाळीनंतर सोडून गेला, एकटेच असतात.

औषधवाली
एकटे??? हे आत्ता सांगताय?

निसर्गमित्र६१
मेथीदाणे भिजवले का?